परळची मुळी आणि वैमानिकाचं मन

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शिका केलेली आहे. रक्तदाब असलेल्या वैमानिकाला कोणत्या गोळ्या चालतात आणि कोणत्या नाहीत, ते तिच्यात सांगितलेलं आहे. आज सर्रास दिल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्या चालतात. न चालणाऱ्यांत मेंदूमार्फत काम करणाऱ्या जुन्या औषधांचा एक छोटा गट आहे आणि त्यात रेसर्पिनचं नाव आहे. ज्या झुडपाच्या मुळीतून रेसर्पिन निघालं, त्या मुळीने रक्तदाब उतरतो हे पाश्चात्त्य डॉक्टरांना पटवून देणारी चाचणी परळला, केईएम हॉस्पिटलात झाली होती.

रक्तदाब उतरवणारं औषध वैमानिकाला का नको? तपासणीच्या खोलीत त्याचा आकडा चांगला येईल, मग अडचण कसली? याचं उत्तर शोधायला गेलं की परळपासून न्यूयॉर्कपर्यंत आणि गोळीपासून माणसाच्या उदासीपर्यंतचा रस्ता धरावा लागतो. मनाच्या आजारांवरच्या आजच्या औषधांचा इतिहास बऱ्याच अंशी याच रस्त्यावरून गेला आहे.

या झुडपाला आपण सर्पगंधा म्हणतो. मराठीत अडकई, हरकी अशीही तिची नावं आहेत. सह्याद्रीच्या ओलसर सावलीत गुडघा-मांडीएवढं वाढणारं हे झुडूप पांढऱ्या फुलांच्या गुच्छामुळे आणि लालसर देठांमुळे ओळखू येतं. औषध असतं ते मुळीत. वाळलेली मुळी बोटाएवढी, वेडीवाकडी, मातकट सालीची; वास जवळजवळ नाही, पण तुकडा जिभेवर ठेवला तर कडूपणा बराच वेळ जात नाही. साप-विंचवाच्या विषावर, तापावर, झोप न येण्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. बिहारच्या बाजारात तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जाई.

मुंबईशी या मुळीचं नातं केईएमच्याही आधीचं असावं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. १५५४च्या सुमारास त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं आणि आज फोर्ट भागात जिथे जुना किल्ला आहे, तिथे त्याचं घर होतं. भारतातल्या औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात सापाच्या विषावर चालणाऱ्या ‘सर्पकाष्ठा’चं वर्णन आहे आणि ते सर्पगंधेचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने या वनस्पतींच्या कुळाला लिओनार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव दिलं आणि सर्पगंधा शास्त्राच्या पुस्तकात राउवोल्फिया झाली.

आधुनिक वैद्यकाने तिच्याकडे नीट पाहिलं ते १९३१ साली. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर या मुळीचा उपयोग होतो, असा लेख लिहिला. त्याच वर्षी सिद्दिकी आडनावाच्या दोन शास्त्रज्ञांनी दिल्लीत तिच्यातली रसायनं वेगळी केली. मन आणि रक्तदाब हे जोडनाव पहिल्या लेखापासून या औषधाला चिकटलेलं आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत जगभरचे डॉक्टर या दोघांना वेगळं करू पाहत राहिले आणि ते वेगळे होईनात.

या सुमारास परळमध्ये केईएम हे नवं हॉस्पिटल उभं राहिलं होतं. त्याआधी परळ म्हणजे जुना गव्हर्नरांचा वाडा, त्यात आलेली हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा, भोवती गिरण्यांची धुराडी आणि लालबाग-शिवडीपर्यंत पसरलेल्या चाळी. सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या देणगीतून मेडिकल कॉलेज आणि सातव्या एडवर्डच्या स्मारकनिधीतून हॉस्पिटल अशी जोडी १९२५-२६ साली सुरू झाली. देणगीदारांच्या विश्वस्तांनी एक अट घातली होती: इथे शिकवणारे आणि उपचार करणारे सगळे भारतीय असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. त्या काळी मोठ्या सरकारी इस्पितळांतल्या वरच्या जागा इंग्रज डॉक्टरांकडे असत. त्यामुळे ही अट म्हणजे भारतीय डॉक्टरांच्या बुद्धीवर टाकलेला जाहीर विश्वास होता. पहिले अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९३२च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा हे हॉस्पिटल सहा वर्षांचं होतं. मुंबईत विमानाचा धंदा आणि भारतीयांनी चालवलेलं वैद्यकीय संशोधन एकाच पिढीत पायावर उभं राहिलं. या गोष्टीत ते दोन्ही पुन्हा भेटतात.

केईएममध्ये मानद डॉक्टर म्हणून काम करणारे रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी. जन्म १९११चा, शिक्षण लंडनला, हृदयरोगांचा खास अभ्यास. रक्तदाबाचे रोगी त्यांच्यासमोर रोज येत आणि देण्यासारखं औषध जवळजवळ नव्हतं. मीठ तोडा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, फार झालं तर नसा कापण्याची शस्त्रक्रिया. सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या मात्र १९३४पासून बाजारात होत्या. हिमालया कंपनीची ‘सर्पिना’ ही त्यातली ठळक. भारतीय डॉक्टर ती वापरत होते, पण अनुभवावर. कोणाला किती फरक पडतो, किती दिवस टिकतो, याचा हिशेब कोणी मांडला नव्हता.

वकिलांनी तो मांडला. वर्षानुवर्षांच्या वापरानंतर त्यांनी रक्तदाबाचे ५० रोगी निवडले, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. बहुतेकांचा वरचा आणि खालचा, दोन्ही दाब उतरले होते. औषध हळू चढतं, हळू उतरतं आणि बंद केल्यावरही काही काळ त्याचा परिणाम राहतो, हेही ध्यानात आलं. लंडनच्या प्रतिष्ठित नियतकालिकात परळच्या हॉस्पिटलाचं नाव छापून आलं. बॉस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचलं, मुळी मागवली आणि आपल्या रोग्यांना देऊन पाहिली. रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रोगी सांगू लागले की आता शांत वाटतं, चिडचिड कमी झाली आहे.

१९५२ साली बाझलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन वेगळं केलं. तेच रेसर्पिन. रोग्याला गुंगी न येता शांतपणा आणणाऱ्या या औषधाचं वर्णन करताना सिबाच्या फ्रेडरिक याँकमन यांनी इंग्रजी ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द आजच्या अर्थाने रुळवला, असं मानलं जातं. कडू मुळीने औषधांच्या एका नव्या वर्गाला नाव मिळवून दिलं.

मुंबईत त्या वेळी वेडाचा उपचार म्हणजे काय होता? कुलाब्याला १८२६ साली वेड्यांचं इस्पितळ निघालं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ठाण्याचं इस्पितळ सुरू झालं. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे मुंबईच्या मराठीतलं बोलणं तिथूनच आलं. गिरगावातल्या वा लालबागेतल्या घरातलं माणूस ‘ठाण्याला’ गेलं की त्याच्याबद्दल चाळीत दबक्या आवाजात बोलत. १९३८ साली डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. हॉस्पिटलात मानसिक आजारांची बाह्यरुग्ण सेवा सुरू केली आणि साध्या हॉस्पिटलात, इतर रोग्यांच्याच रांगेत बसून मनाचा आजार दाखवता येऊ लागला. पण सांगून, समजावून झाल्यावर डॉक्टरांच्या हाती देण्याजोगं फारसं नव्हतं. विजेचे झटके होते, इन्शुलिन देऊन आणलेली बेशुद्धी होती, कुलपं होती.

१९५३ साली अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी सर्पगंधेने स्किझोफ्रेनियाचे रोगी सुधारल्याचा निबंध वाचला. त्याची बातमी न्यूयॉर्कपर्यंत गेली. तिथल्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलचे नेथन क्लाइन यांनी ती वाचली आणि आपल्या वॉर्डांतल्या शेकडो रोग्यांना रेसर्पिन दिलं. वर्षानुवर्षं ओरडणारे, काचा फोडणारे रोगी शांत झाले. फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन याच सुमारास निघालं होतं. या दोन औषधांनी वेड्यांच्या इस्पितळांची कुलपं उघडायला सुरुवात केली.

१९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा रुस्तम वकील आणि नेथन क्लाइन यांची नावं एकाच यादीत होती. वकिलांना रक्तदाबासाठी, क्लाइन यांना मनाच्या आजारासाठी, आणि दोघांच्या कामामागे एकच मुळी. हा पुरस्कार मिळवणारे वकील पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण तोवर दुसरी बाजू दिसू लागली होती.

१९५४ साली अमेरिकेतले रक्तदाबतज्ज्ञ एडवर्ड फ्रीस यांनी लिहिलं की दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांना गंभीर उदासी आली. माणूस सकाळी लवकर जागा होतो, कामात मन लागत नाही, खाणं कमी होतं, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो. काहींना इस्पितळात ठेवावं लागलं. औषध थांबवल्यावर ते सावरले, पण लगेच नाही. लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांना १९५५ साली उलटंच दिसलं: चिंताग्रस्त, उदास रोग्यांना थोड्या मात्रेतलं रेसर्पिन उपयोगी पडलं. उदासीचं प्रमाण सुरुवातीच्या बातम्यांत वाटलं तेवढं मोठं नव्हतं आणि लहान मात्रेत तर ते बरंच कमी होतं, असं पुढच्या अभ्यासांनी सांगितलं. तरी गोळी रक्तदाबाची असली तरी ती माणसाच्या मनापर्यंत पोहोचते, हे सगळ्यांनी मान्य केलं.

ती पोहोचते कशी, याचा उलगडा १९५५ ते १९५७ या दोन वर्षांत झाला. आपल्या नसांच्या टोकांशी सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन ही निरोप नेणारी रसायनं बारीक पुड्यांत भरून ठेवलेली असतात. रेसर्पिन या पुड्या भरू देत नाही. उघडं पडलेलं रसायन पेशीतच नासून जातं आणि काही तासांत कोठार रिकामं होतं. वॉशिंग्टनजवळच्या प्रयोगशाळेत ब्रॉडी, शोअर आणि प्लेचर यांनी सेरोटोनिन असं संपताना पाहिलं. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी बसून राहिले, कान खाली लोंबले, हाक मारली तरी हलेनात. मग त्यांना डोपामिनचं कच्चं द्रव्य, म्हणजे एल-डोपा, टोचलं. थोड्याच वेळात कान उभे राहिले आणि ससे उड्या मारू लागले. त्या सशांच्या छायाचित्रांतून पार्किन्सनच्या आजाराचं औषध निघालं आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

उदासी म्हणजे मनाचा दुबळेपणा नाही, मेंदूतल्या रसायनांशी तिचा संबंध आहे, हा विचार रेसर्पिनच्या या अनुभवातून पुढे आला. मूळ कल्पना फारच सोपी होती आणि शास्त्रज्ञांनी तिच्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या केल्या. पण उदासीवरची औषधं शोधायची दिशा तिने दाखवली आणि १९८७च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुऑक्सेटिन त्याच दिशेवरचं आहे.

रेसर्पिन मात्र लगेच गेलं नाही. त्याची उपकाराची बाजूही मोठी होती. उदासीचा इशारा देणाऱ्या फ्रीस यांनीच अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर मोठी चाचणी घेतली. खूप वाढलेल्या रक्तदाबाचे १४३ पुरुष. निम्म्यांना रेसर्पिन आणि जोडीला दोन औषधं, निम्म्यांना नुसत्या खोट्या गोळ्या. १९६७ साली निकाल आला. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला होता. औषध घेणाऱ्यांपैकी फक्त दोघांना. रक्तदाबावर उपचार केला तर माणूस वाचतो, हे निर्विवादपणे सिद्ध करणाऱ्या पहिल्या मोठ्या चाचणीत सर्पगंधा होती. आपल्याकडे तिचं घरोघरी पोहोचलेलं रूप म्हणजे सिबाची ‘अडेल्फेन-एसिड्रेक्स’ ही गोळी. दादर-गिरगावातल्या कित्येक घरांत आजोबांच्या चष्म्याशेजारी तिची पट्टी असे. नंतर चांगली, सोपी औषधं आली आणि ती मागे पडली. जंगलातून मुळी इतकी उपटली गेली की १९९० साली सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आणावा लागला.

आता वैमानिकाकडे वळू.

१९५७ साली, वकिलांना लास्कर मिळाला त्याच वर्षी, बंगळुरूला हवाई दलाचं विमान-वैद्यक विद्यालय सुरू झालं. आज ती एरोस्पेस मेडिसिनची संस्था आहे आणि भारतातल्या वैमानिकांच्या वैद्यकीय तपासण्यांचं ते एक मोठं केंद्र आहे. व्यावसायिक वैमानिकाची तपासणी आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे वर्षातून एकदा होते आणि प्रवासी वाहतुकीतल्या साठीपुढच्या वैमानिकाची सहा महिन्यांनी. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी यांचे आकडे येतात. मनाला आकडा नाही. तिथे वैमानिक जे सांगेल त्यावर डॉक्टरला विसंबावं लागतं.

रेसर्पिन वैमानिकाला का नको, हे आता उघड आहे. ज्या रसायनांवर सावधपणा, उत्साह आणि निर्णय अवलंबून असतात, तीच ते रिकामी करतं. शिवाय उड्डाणाच्या दिवशी गोळी चुकवून भागत नाही. पुड्या पुन्हा भरायला दिवसच्या दिवस जातात. मनाला मंद करू शकणारं औषध घेऊन कोणी कॉकपिटमध्ये बसू नये, हा नियम योग्यच आहे.

मात्र हाच न्याय जगाने बराच काळ उदासीवरच्या औषधांनाही लावला. उदासी आहे म्हणजे अपात्र आणि उदासीवर गोळी घेतो म्हणजेही अपात्र. वैमानिकापुढे दोन उघड वाटा उरल्या: उपचार घेऊन पोटावर पाय आणायचा, नाहीतर उपचार न घेता उडत राहायचं. तिसरी वाट म्हणजे गुपचूप गोळी घ्यायची आणि अर्जावर ‘नाही’ लिहायचं. ऑस्ट्रेलियाने १९८०च्या दशकाच्या शेवटी देखरेखीखाली उपचार घेणाऱ्या वैमानिकांना उडू द्यायला सुरुवात केली. अमेरिकेने एप्रिल २०१०मध्ये ठरावीक चार औषधांना सशर्त परवानगी दिली: फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम. तोवर आजार लपवून उडणाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत तो उघड केला तर त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असंही एफएएने जाहीर केलं. नियम करणाऱ्यांनी त्या सवलतीने एक गोष्ट कबूल केली होती: नियमाच्या धाकाने उदासी कमी झालेली नव्हती, तिच्याबद्दल बोलणं तेवढं थांबलं होतं.

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचं विमान फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने जाणूनबुजून पाडलं आणि १५० माणसं गेली. त्याने आपला आजार कंपनीपासून लपवला होता. फ्रेंच तपास यंत्रणेने २०१६च्या अहवालात बंदी वाढवण्यापेक्षा लपवण्याची कारणं कमी करण्यावर भर दिला: वैमानिकांना आपल्याच सहकाऱ्यांशी बोलता येईल अशी मदत व्यवस्था आणि परवाना गेला तर घर चालेल अशी तरतूद. युरोपात २०२१पासून विमान कंपन्यांना अशी सहकारी-मदत व्यवस्था ठेवणं बंधनकारक आहे. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं आणि सहकाऱ्यांच्या मदतगटांची शिफारस केली.

गोळीइतकंच बोलणंही लागतं, हा धडा परळमध्ये जुना आहे. केईएमच्या मानसोपचार विभागाचे डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६०च्या दशकात विनेकर आणि डुंगाजी या सहकाऱ्यांसह पतंजलीच्या योगविचाराचा मनाच्या आजारांवर उपयोग करून पाहिला आणि त्याबद्दल १९६६ साली ब्रिटिश मानसोपचार नियतकालिकात लिहिलं. सर्पगंधेने जगाला गोळी दिली, तरी त्यांनी रोग्याशी बोलणं, त्याला स्वतःकडे पाहायला शिकवणं सोडलं नाही. याच हॉस्पिटलात औषधशास्त्राच्या प्राध्यापिका असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदिक औषधी आधुनिक कसोटीवर तपासण्याचं काम नेटाने चालवलं. ‘फुलवा’सारख्या पुस्तकांतून झाडांवर प्रेमाने लिहिणाऱ्या म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. औषधाने आकडा किती उतरला आणि रोगी कसा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारायचे असतात, ही शिस्त सर्पगंधेच्या इतिहासातून येते.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतली मुलंमुली आता मोठ्या संख्येने वैमानिक होऊ पाहतात. कर्ज काढून, दागिने मोडून प्रशिक्षण घेतलं जातं. अशा घरात मुलाची झोप उडाली, मन लागेना, तर पहिला विचार ‘मेडिकलला कळलं तर?’ हाच येतो. तो स्वाभाविक आहे, पण त्यापायी दोन चुका होऊ देऊ नयेत. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी तपासणीच्या भीतीने स्वतःहून बंद करू नये आणि ओळखीच्या दुकानातून आणलेली झोपेची वा ‘हर्बल’ गोळी निरुपद्रवी समजून घेऊ नये. सर्पगंधासुद्धा हर्बलच होती. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, आपण वैमानिक आहोत हे पहिल्याच भेटीत सांगावं आणि अधिकृत हवाई वैद्यकीय परीक्षकाचा सल्ला सोबत घ्यावा. आणि विमान कंपन्यांनी २०२३च्या परिपत्रकातले मदतगट कागदावर न ठेवता चालवावेत, उपचारासाठी जमिनीवर बसलेल्या वैमानिकाचा पगार चालू ठेवावा. तेवढं झालं तर तपासणीच्या खोलीत वैमानिक खरं उत्तर देऊ शकेल.